बंडप्पाचा उंबरा

बंडप्पाच्या घराला उंबरा मी बसवला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझी बाजू घ्यायला नको.

गवंडीकामात माझे केस पांढरे झाले, पण करिश्मानं सांगितलं तसं घर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बंडप्पाची ही एकुलती लेक. तीन वर्षांमागं तुळजापूरहून येताना ट्रॉली उलटली आणि पोरीचं कमरेखालचं अंग गेलं. नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून तिनं वहीत मापं लिहिली. जोतं एक फूट, तर उतार बारा फूट लांब. न्हाणीत खुर्ची सगळी फिरावी एवढी जागा. स्वयंपाकाचा ओटा बुटका, खाली पोकळ. मी हसलो, तर तिनं मलाच खुर्चीत बसवून अंगणात चाकं ढकलायला लावली. विटेच्या एका तुकड्यापाशी मी अडलो, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

"शिवलिंगकाका, बाकी काय बी चुकू द्या," ती म्हणाली. "उंबरा तेवढा नको."

चैत्रात ती व्यायामासाठी पंधरा दिवस सोलापूरच्या दवाखान्यात गेली. दाराची चौकट उभी राहिली त्या दिवशी बंडप्पा माझ्याजवळ येऊन बसला. बिनउंबऱ्याचं घर कसलं, पोरीच्या आईनं हळदकुंकू कुठं वाहायचं, एकदा वाईट येऊन गेलं, आता त्याला वाट मोकळीच ठेवायची का, असं बोलत राहिला. मी त्याला झिडकारायला पाहिजे होतं. पण चाळीस वर्षांत खालून उघडं दार मी केलं नव्हतं, आणि मनात तीच पाल माझ्याही चुकचुकत होती. चार बोटं उंच काळा दगड मी बसवला.

करिश्मा आली. चाक दगडाला अडलं. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमी हाव की उचलायला," बंडप्पा म्हणाला.

"आन् तुमी रानात गेल्यावर?"

तिची आई बानूबाई रोज सकाळी त्या दगडाला कुंकू लावायची आणि त्याच दगडावरून रोज लेकीची खुर्ची उचलायची.

त्या घरावरून जाताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. घरापासून आठ पावलांवर कडब्याची गंजी, वर विजेच्या लोंबत्या तारा, आणि वैशाखाचं झोंबरं वारं. गंजी हलवा म्हणून मी बंडप्पाला दोनदा सांगितलं. बघू म्हणाला.

एका दुपारी सगळे भुईमूग काढायला गेलेले असताना गावाकडून धूर दिसला. आम्ही धावत आलो. गंजी पेटली होती, घरात धूर कोंडला होता. करिश्मा उतारावर पालथी पडली होती, दोन्ही कोपरं सोललेली. खुर्ची आतच, उंबऱ्याला टेकलेली. किती वेळा चाक आपटलं असेल कोण जाणे, दगडावर काळे पट्टे उमटले होते. शेवटी तिनं अंग खाली टाकलं होतं आणि घसटत बाहेर आली होती.

वारं फिरलं म्हणून घर वाचलं. गावात मात्र बोलणं झालं की उंबऱ्यानं आग दाराबाहेर रोखली. मंगळवारी बाया नारळ घेऊन आल्या. बंडप्पाही तेच सांगू लागला, आणि त्याला ते खरं वाटत होतं.

मी पहार घेऊन गेलो. बंडप्पा दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यावरच उभा राहिला.

करिश्मा बाहेर बाजेवर होती. "आप्पा," ती हळू म्हणाली, "ल्हानपणी म्या तिथं हुबी ऱ्हायले की तुमी वरडायचा. उंबऱ्यावर पाय देऊ न्हाय म्हणायचा."

बंडप्पानं खाली बघितलं. त्याच्या दोन पायांच्या मधे कुंकवाखालून चाकाचे पट्टे दिसत होते. मग एक पाय बाहेर टाकला, मागोमाग दुसरा.

बानूबाई तांब्या घेऊन आली. तिनं दगडावरचं कुंकू धुतलं, पदरानं पुसलं.

"फोडा, दादा," ती म्हणाली.

तीन घावांत दगड निघाला. मीच बसवलेला. घाव कुठं घालायचा ते मला माहीत होतं.