उशी कुठे सरकवायची

बाळाला नवऱ्याच्या कडेवर देऊन ती गाडीतून उतरली. तो म्हणाला, "चौथा मजला, डावीकडची शेवटची खोली." याला कसं ठाऊक, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. आईच्या पोटात कॅन्सर पसरलाय, हे ताईने कालच फोनवर सांगितलं होतं. "घाबरू नकोस, आत्ताच कळलंय. उद्या पहिला डोस."

आई उताणी पडली होती. बरगडीपाशी कातडीखाली बसवलेल्या बटणात सुई, सुईला नळी, वर औषधाची पिशवी. ही नवखी दिसली म्हणून नर्सने समजावलं, "शिरेतून नाही, थेट पोटात सोडतो. मग सारखी कूस बदलायची, म्हणजे औषध कानाकोपऱ्यात पोचतं."

पिशवी रिकामी झाली. नर्सने तोंड उघडायच्या आत आई डाव्या कुशीवर वळली. ताईने न बघताच तिच्या पाठीशी एक उशी सरकवली, गुडघ्यांमध्ये दुसरी.

"मावशींना आता सांगावं लागत नाही," नर्स हसून बाहेर गेली.

ताई चादरीच्या नसलेल्या सुरकुत्या काढू लागली.

"कितवा गं हा?"

"हे बघ, तू ओली बाळंतीण..."

"कितवा, ताई?"

"शेवटून दुसरा," भिंतीकडे तोंड करून आईच बोलली. "तिच्यावर डाफरू नकोस. मीच शपथ घातली होती. जावईबापूंनाही."

म्हणजे तोसुद्धा! रोज शेजारी घोरणारा.

बाळाला गुबारा धरला की ती आईलाच फोन लावायची. "पालथा घाल, पाठ चोळ," आई सांगायची. आवाज दमलेला वाटला तर, "जरा आडवी झालेय गं." इथूनच, याच पलंगावरून. आणि ही तिकडून पोराच्या पोटदुखीची रडगाणी गात बसायची.

"तुझं दूध आटलं असतं," आई म्हणाली.

"हो ना. दुभत्या गाईला कोण कशाला काय सांगतंय!"

नर्सने दारातून डोकावलं. "मावशी, आता उजवीकडे."

ताई पुढे झाली. "तू राहू दे," म्हणत हिने ताईच्या हातातली उशी ओढून घेतली आणि आईच्या पाठीशी खुपसली. आई कळवळली.

"तिथे नाही गं... जरा खाली."

खाली म्हणजे कुठे? ताईला ठाऊक होतं. कोण जाणे, नवऱ्यालाही असेल.

तिने उशी ताईपुढे धरली. तिच्याकडे न बघता.

"दाखव."