कॅप्टनच्या ताटातला उतारा

सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगते. भाजीत मीठ जास्त पडलं तर त्या तीन दिवस बोलायच्या नाहीत. पण माझ्या सासूला मी काय वाटेल ते म्हणेन, परक्यानं म्हटलेलं मला खपत नाही.

आम्ही मूळचे साक्रीकडचे, पोटासाठी इकडं आलेले. मी दुर्गा, इथं मसाटला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. एका रविवारी सुरंगीच्या पुढं माळावर सिरियलचं शूटिंग होतं. माणसं पाहिजे होती, म्हणून आमची अख्खी चाळ टेम्पोत बसून गेली. गोष्ट अशी, की लांबच्या एका ग्रहावर जंगली लोक राहतात आणि एक दिवस तिथं फार पुढारलेल्या लोकांचं यान उतरतं. जंगली म्हणजे आम्ही. अंगाला राखाडी चिखल, वर गोणपाट. पुढारलेला कॅप्टन म्हणजे वरुण सर, नाशिकचे. सिरियल लिहिलेली त्यांनीच, दिग्दर्शनही त्यांचंच. माणसानं किती ठिकाणी पुढं पुढं करावं, बाई.

मे महिना. पाणी गाडीत, गाडी सावलीत आणि आम्ही उन्हात. दुपारी सासूबाई, पुतळाबाई त्यांचं नाव, उभ्याच्या उभ्या कोसळल्या. गोणपाट मांडीच्या वर गेलं. मी धावले, तर वरुण सरांनी हात आडवा घातला. "कोणी हलू नका, कॅमेरा चालू ठेवा," म्हणाले. पोटभर टिपून झाल्यावर मग पाणी आलं.

संध्याकाळी सासूबाई त्यांच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. "भाऊ, तेवढं नका दाखवू. माझे जावई पाहतील, व्याही पाहतील."

"आजी, यानातल्या रोगानं तुमची जमात मरते ना, त्या सीनचा जीव आहे तो," सर म्हणाले. "आणि तुम्हाला ओळखणार कोण? चिखलात सगळे सारखेच दिसता."

घरी आल्यावर सासूबाई नळावर जाईनात. जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. आठ दिवस मी ते पाहिलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब मुडद्या, तुला दाखवतेच.

पुढच्या रविवारी कॅप्टन आणि जंगली लोकांची दोस्ती होते, तो सीन होता. आम्ही त्याला आमचं अन्न द्यायचं आणि त्यानं ते खायचं. सरांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "तुमचा काहीतरी अस्सल विधी करा. काय ते मला सांगू नका, कॅप्टनलाही ठाऊक नसतं."

नाही सांगितलं. सकाळी सासूबाईंना उठवून बसवलं. भाकर, त्यावर दहीभात, वर चिमूटभर कुंकू, शेजारी लिंबू. त्यांच्यावरून ते सगळं उतरवलं आणि तेच ताट माळावर नेलं. उतारा म्हणजे माणसाची पीडा अन्नावर घेऊन तिठ्यावर ठेवून यायची. त्याला कोणी शिवत नाही, कोणी ओलांडत नाही. आणि हा गडी मांडी घालून जेवायला बसला.

आमच्या चाळीतले भिकाआबा जमातीचे राजा झाले होते. ताट बघताच त्यांचा चेहरा उतरला. बायकांनी तोंडाला पदर लावले. "वा, काय भीती आहे चेहऱ्यावर," म्हणत सरांनी दुसरा घास घेतला. मला इतकं बरं वाटलं, की त्याची लाजही वाटली नाही.

सिरियलच्या जाहिरातीत नेमका तोच ताटाचा तुकडा आला. तिसऱ्या दिवशी मला नाशिकहून फोन आला.

"मी वरुणची आई, मेधा. नंबर युनिटकडून घेतला. त्या ताटात काय होतं?"

"तुम्ही ओळखलंय, म्हणूनच फोन केलाय ना."

बाई म्हणाल्या, "कोणावरचा?"

मी सगळं सांगितलं. गोणपाट कुठपर्यंत गेलं तेही सांगितलं.

"तो हसतो माझ्यावर," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घशाखाली घास उतरत नाही. यावर काही करता येतं का?"

"येतं. जिच्यावरचा उतारा, तिनं स्वतःच्या हातानं त्याच्यावरून उतरवायचा. पण ती माणसांत येत नाही, तुमच्या लेकामुळं." असा काही नियम नाही. मी जागेवर रचला.

रविवारी मायलेक आमच्या चाळीत आले. वरुण सर दारातच म्हणाले, "आजी पडल्याचा तो शॉट काढून टाकलाय. आईसाठी आलोय, माझा यावर विश्वास नाही." त्यांना खाली बसायला सांगितलं. बसले. अख्खी चाळ ओट्यावर जमली होती.

सासूबाई बाहेर आल्या. अंगावर लेकीच्या लग्नातलं लुगडं, केस विंचरलेले. त्यांनी हातात भाकर घेतली आणि सरांच्या डोक्यावरून सावकाश ओवाळायला लागल्या. मेधाबाई बोटांवर मोजत होत्या. सहाव्यांदा ओवाळून सासूबाईंनी भाकर ताटात ठेवली आणि हात पुसले.

"आजी," मेधाबाई हळूच म्हणाल्या, "सात लागतात. सहाच झाले."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "सिरियल लागू द्या. मी त्यात पडलेली दिसले नाही, तर सातवा."

मेधाबाईंनी लेकाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "खरं सांग, तो शॉट काढून टाकलायस?"