पातेल्याच्या तळाशी मी

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो. हसू नका! दुकानाच्या काचेत निळ्या काठासकट ऐटीत बसलो होतो, तेव्हा लोक वळून वळून बघायचे. मग या घरात आलो, आजीच्या लेकीचे केस पुसता पुसता झिजलो, आणि आजीने घडी घालून मला मोठ्या पातेल्याच्या तळाशी बसवलं.

आजी संत्र्याच्या सालींचं मार्मालेड करते. ते गरम गरम बरण्यांत भरायचं, झाकणं लावायची आणि बरण्या बुडतील एवढ्या पाण्यात उकळायच्या, म्हणजे वर्षभर टिकतं. त्या बरण्या बसतात माझ्या पाठीवर! एकदा मला उकळत्या पाण्यात डुलकी लागली आणि असा घोरलो, की पातेल्याचं झाकण उडून पंख्यावर गरगर फिरत बसलं. खोटं वाटतं? पंख्याला विचारा.

पण कौतुक सगळं बरण्यांचं. माझ्या वाट्याला नुसती वाफ.

परवाचंच बघा. लेक कामाच्या गावी परत निघाली होती. आईचं मार्मालेड घेतल्याशिवाय ती हलत नाही. आजी तिची बॅग भरायला आत गेली, जाता जाता जावयाला म्हणाली, "बरण्या तेवढ्या पाण्यात सोडा हं."

जावयाने पातेल्यात डोकावून नाक मुरडलं. "शी! खायच्या वस्तूखाली हे पोतेरं?" आणि मला काढून नळावर टाकलं.

"अहो, ठेवा मला परत!" मी टपटप ठिबकत ओरडत होतो. ऐकतो कोण? बरण्या तापल्या तळावर खडखड नाचायला लागल्या. मग टण्ण! जावयाने चिमट्याने बरणी उचलली, तर तिचं बूड पातेल्यातच राहिलं. दुसरीचंही तेच. सगळं पाणी नारिंगी!

आजी धावत आली. "जावईबापू, टॉवेल कुठाय?"

"तो? मळका होता तो."

"मळका असेल हो, पण त्याच्याच जिवावर बरण्या वाचतात!"

लेक रडकुंडीला आली. "आता मी काय घेऊन जाऊ? याचं डोकं?"

"नको," आजी पुटपुटली, "तेही तडकलेलं आहे."

कढईत थोडं उरलं होतं. पाणी बदललं, एकच बरणी भरली, खाली मी. उकळून बाहेर काढली आणि सगळे श्वास रोखून बसले. शेवटी बरणी हवाबंद होऊन झाकण आत ओढलं गेलं. टक्! लेकीने गरम बरणी कोरड्या फडक्यात गुंडाळून तिला मिठी मारली.

आणि मला? जावयाने उचललं आणि शेगडीवर सांडलेलं मार्मालेड माझ्यानेच पुसलं.

मित्रांनो, शाबासकी नको मला. काम झाल्यावर धुऊन वाळत तरी घाला. नाहीतर मी असा चिकटून ताठ होईन, की घडीच घालू देणार नाही. मग बसवा जावयाला तळाशी!