सरकणारी गाठ

मुलांनो, असं समजा की तुमच्या डाव्या मुठीत बांबूचं धनुष्य आहे. तीर ठेवायला त्याला वेगळी खाच नाही. तीर तुमच्या मुठीवरच टेकणार. त्याचं मागचं टोक दोरीला लावायचं. पण एवढ्या लांब दोरीवर नेमकं कुठे? ते दर वेळी शोधत बसायला नको, म्हणून दोरीवर धाग्याचे वेढे घालून एक गाठ बांधतात आणि तीर त्या गाठीवर बसवतात. ही गाठ मुठीच्या रेषेपेक्षा किंचित वर हवी, तांदळाच्या दाण्याएवढी. खाली आली, तर तीर सुटताना मागची पिसं मुठीला घासून जातात. पीस मऊ असतं खरं, पण त्याचा देठ वेगात आला की ब्लेडसारखा कापतो.

जैनबची मूठ अशीच कापली होती.

दुपारच्या सरावात रक्त आलं, तेव्हा भावनाताईंनी धनुष्य आपल्या हातात घेतलं. शाळेच्या मुलांना तिरंदाजी शिकवायला त्या खारबावहून येत. त्यांनी गाठीवर अंगठा दाबला. गाठ निमूट खाली सरकली.

“कोणी बांधली ही?”

“मीच.”

“एवढं साफ काम तुला येत असतं, तर तुझ्या वेणीची अशी दशा नसती.”

मागे सरावाच्या रांगेत उभा असलेला जिब्रान हसला. “लूमवाल्या भिवंडीत राहून गाठ सरकते? बाहेर कुणाला सांगू नको हां.”

भावनाताईंनी तिच्या हातात सुती दोऱ्याचं रीळ ठेवलं. “ही काप आणि जाड बांध. दोरीला चावून बसली पाहिजे. उद्या जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. या गाठीवर मी तुला तीर मारू देणार नाही.”

जैनबने मान हलवली. गाठ अब्बांची होती, हे तिच्या तोंडून निघेना.

तिचे अब्बा, इक्बाल, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात जॉबर होते. लूम अडला की पहिली हाक त्यांनाच. ताण्याचा तुटलेला धागा ते असा जोडत की गाठ फणीच्या दातांतून सरळ निघून जाई आणि कापडावर तिचा मागमूस राहत नसे. दिवाळीनंतर मालकाने सगळे लूम भंगारात काढले. तेव्हापासून अब्बा घरात बसून होते. चहा दिला तर पीत, काही विचारलं तर नुसतं हं म्हणत. मागच्या आठवड्यात धनुष्याची जुनी गाठ सुटली, तेव्हा मात्र ते आपणहून उठले. जपून ठेवलेला पॉलिस्टरचा धागा काढून खिडकीशी बसले आणि काम होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. त्या दिवशी ते पोटभर जेवले होते.

ती गाठ आता कापायची होती.

संध्याकाळी जैनब घरी पोचली, तर आतून हसण्याचा आवाज येत होता. अब्बांचा. ती दारातच थबकली. हिरामणकाका आले होते. पूर्वी ते अब्बांच्या कारखान्यात लूम चालवत. आता पूर्णा गावातल्या गोदामात खोकी उचलत.

“ये, ये. तुझ्या बापाची फुशारकी चाललीय,” हिरामणकाका म्हणाले. “म्हनतो, गाठ शोधून दाखव.”

अब्बांनी तिच्याकडून धनुष्य घेतलं. “डोळे मीट. हां, आता फिरव बोट. सापडली?”

“न्हाय बा. नुसती दोरीच हाय.”

“बघ. हात गेला नाही अजून माझा.” अब्बांचा चेहरा उजळला होता. “उद्या मैदानावर चल. माझ्या गाठीवर पोरगी कशी मारते ते बघ.”

जैनबने कापलेली मूठ ओढणीखाली लपवली. गुपचूप दुसरी गाठ बांधली, तर उद्या अब्बांचं बोट आधी तिथेच जाणार, तेही हिरामणकाकांसमोर. आणि नाही बांधली, तर निवड गेली. तिने भात्यातून एक तीर काढला.

“अब्बा, तुम्ही ओढून बघा. फक्त सोडायचा नाही.”

“मी? या वयात?”

“ओढ की रं, इक्बालभाई. आता का मागं सरतो?”

अब्बांनी भिंतीकडे तोंड करून दोरी ओढली, हळूच परत सोडली. पुन्हा ओढली. मग ते थांबले आणि दोरीकडे पाहत राहिले. गाठ खाली उतरली होती. त्यांनी ती बोटाने वर नेली. दोरी ओढताच ती परत घसरली.

“हात दाखव तुझा.”

जैनबने ओढणी बाजूला केली. तर्जनीच्या मुळाशी रक्त वाळून काळं झालं होतं.

“अरे, धागाच गुळगुळीत हाय. त्याला तू काय...” हिरामणकाका म्हणू लागले, पण अब्बांनी मान हलवली.

“गाठ कुठे अडू नये, एवढंच शिकलो मी,” अब्बा म्हणाले. त्यांनी धनुष्य चटईवर ठेवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. “तुझ्या ताईंकडूनच बांधून घे.”

जैनबला रडू येत होतं. तिने आतून ब्लेड आणलं आणि खिडकीशी, अब्बांच्या डोळ्यांसमोर, ती गाठ कापली. मग ताईंनी दिलेल्या सुती दोऱ्याचं टोक सोडवून त्यांच्या बोटांत दिलं, धनुष्य स्वतःच्या गुडघ्यांवर आडवं घेतलं आणि ते बांधायला लागेपर्यंत दोरी त्यांच्यापुढे धरून बसली.