पोपटाच्या कपाटातली तिसरी बॉबिन केस

आमच्या दुकानात शिवणयंत्रं दुरुस्त होतात. पुढे मिस्त्री बसतो, मागे माझं भांडार. भांडारात चाळीस कपाटं, प्रत्येक कपाटाला बारा खण आणि खणाखणात सुटे भाग. मी कामाला लागले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक कपाटाच्या दारावर मी एक चित्र रंगवलं. पोपट, छत्री, मासा, कात्री, अर्धा चंद्र. बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले, पण चित्रं पुसली नाहीत. मिस्त्री अजूनही पोपटाच्या तिसऱ्या खणातलं द्या असंच सांगतो आणि मी न बघता हात घालते. एकतीस वर्षांत माझ्या भांडारातली एक सुई इकडची तिकडे झालेली नाही. हे मी दिवसातून दोनदा तरी ऐकवते, असं घरचे म्हणतात.

मालकांनी संगणक आणला आणि भांडार त्यात घालायचं ठरवलं. माझी सून हेच काम शिकलेली. लेकीपायी पाच वर्षं घरी होती, आणि आता जिथे जाईल तिथे तिला मधली पाच वर्षं काय केलंत असं विचारत होते. मी मालकांकडे शब्द टाकला. त्यांनी अट घातली. शनिवारी अकराला मिस्त्री दहा वस्तू विचारणार. दहाच्या दहा संगणकाने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या आकड्यात मिळाल्या, तर मालकांच्या तिन्ही दुकानांचं काम सुनेला. एक जरी चुकली तर माझी नोंदींची वही आहेच.

सून कामाला लागली. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं की एवढं भांडार त्या पेटीत मावणार कसं. तिने जेवणाच्या टेबलावर एक पातेलं ठेवलं, पातेल्यात वाट्या, वाट्यांत शेंगदाणे. म्हणाली, याला मॅप म्हणतात. एक खूण असते आणि त्या खुणेमागे एक वस्तू. मोठ्या मॅपमध्ये खूण पोपट, तर मागे पोपटाचं अख्खं कपाट. ते कपाट म्हणजे पुन्हा एक मॅप. त्यात खूण तीन, तर मागे तिसरा खण. खणाच्या मॅपमध्ये खूण बॉबिन केस, तर मागे आकडा. मी म्हटलं, मग हे तर माझंच भांडार झालं, शिकायला इतकी वर्षं कशाला घातलीस? ती हसली आणि शेंगदाणे खाऊन टाकले. नातीने रिकाम्या वाट्या पातेल्यात वाजवल्या आणि आमचा वर्ग सुटला.

पाच दिवसांत तिने माझी सगळी वही आत घातली. मी वाचायची, ती टाइप करायची. चित्रांची नावं तिने तशीच ठेवली. शुक्रवारी दुपारी मिस्त्री डबा खायला गेला, तेव्हा आम्ही दोघींनी रंगीत तालीम करायचं ठरवलं. मी मिस्त्री झाले आणि त्याच्यासारखंच खाकरून विचारलं, "पोपट, खण तीन, काय काय आहे?"

पडद्यावर बॉबिन केस आली. बॉबिन केस म्हणजे मुठीत मावणारी लोखंडी डबी, तिच्यात दोऱ्याची बॉबिन बसते. तिच्याखाली पट्टे आले, चाकं आली, तेलाच्या बाटल्या आल्या. माझ्या पोपटाच्या तिसऱ्या खणात तेलाची बाटली जाईल इतकी जागाच नाही. मग छत्री विचारलं, तर तेच. मासा विचारला, तर तेच. चाळीसही कपाटांत अक्षरशः सगळं दुकान.

सुनेचा चेहरा उतरला. तिने आधी फक्त पोपटाचं कपाट भरून बघितलं होतं, तेव्हा सगळं बरोबर आलं होतं. माझ्याकडून वाचण्यात चूक झाली का, असं तिने फार जपून विचारलं. मी तिला एकतीस वर्षं आणि सुई ऐकवली.

ती ओळन् ओळ तपासत बसली. माझं काम हातांचं, मला नुसतं बघत बसणं जमत नाही. मी म्हटलं, तू पोपटातून एक बॉबिन केस काढ, मी पण काढते. तिने पडद्यावर काढली, मी कपाटातून काढली. पोपटात तीनच्या दोन झाल्या. तिने सहज छत्री उघडली. तिथेही दोन. मासा, दोन. अर्धा चंद्र, दोन.

आता आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक कपाट आहे. त्याला दोन्हीकडून दारं आहेत. बाहेरून माझा मुलगा बिस्किटं काढतो आणि आतून मी डबा उघडून बोंब मारते. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला आठवडाभर वाटत होतं की ती दोन वेगळी कपाटं आहेत. तिने दोन्हीकडे चहापूड भरून ठेवली आणि चहा संपतच नाही म्हणून माझं कौतुक केलं होतं.

मी म्हटलं, "अगं, तुझं हे आपल्या भिंतीतल्या कपाटासारखं झालंय. दारं चाळीस केलीस, कपाट एकच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली, वर गेली, खाली आली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आई, खरंच एकच केलंय."

मला समजेल असं तिने सांगितलं. रिकामं कपाट तिने सुरुवातीला एकदाच बनवलं होतं आणि मग चाळीस खुणांमागे तेच एक उभं केलं होतं. प्रत्येक खुणेच्या वेळी नवं कपाट बनवायला हवं होतं. एक ओळ दोन ओळी खाली सरकवली की झालं. पाच वर्षांपूर्वी ही चूक तिने झोपेतही केली नसती, असं ती पुटपुटली. मी म्हटलं, पाच वर्षांत तुला झोप मिळाली तरी होती का.

तिने ओळ सरकवली आणि आधी टाइप करून ठेवलेली वही एक कळ दाबून पुन्हा आत भरली. आता पोपटात पोपटाचं, छत्रीत छत्रीचं. मिस्त्री ढेकर देत परत आला तेव्हा आम्ही दोघी अशा हसत होतो की त्याने आपल्या शर्टावर काही सांडलंय का ते बघितलं.

शनिवारी अकराला मालक खुर्ची घेऊन भांडारात बसले. मिस्त्रीने चष्मा पुसला आणि वस्तू विचारायला सुरुवात केली. सून पडद्यावरून जागा आणि आकडा सांगायची, मिस्त्री स्वतः खण उघडून मोजायचा. सुया, पट्टा, कापड दाबून धरणारा पाय, स्क्रू. नऊ झाल्या, नऊही बरोबर. मधे त्याने मुद्दाम आमच्याकडे नसलेली एक वस्तू विचारली, तर पडदा शहाण्यासारखा नाही म्हणाला. मिस्त्रीने मान हलवली.

दहावी वस्तू त्याने बॉबिन केस विचारली. सून म्हणाली, पोपट, तिसरा खण, तीन नग. मिस्त्रीने खण ओढला, बोटाने चाचपला आणि दोन डब्या तळहातावर ठेवून मालकांसमोर धरल्या.

मालकांनी दोन्ही डब्या बघितल्या, मग पडदा बघितला. सुनेचा हात कळफलकावरून खाली आला, एवढंच मला दिसलं.

मिस्त्री म्हणाला, "मावशीची मोजणी चुकायची नाही. पेटीचंच काहीतरी बिनसलंय."

माझा हात तेव्हा एप्रनच्या खिशात होता. खिशात काहीतरी गार लागलं. काल तालमीत काढलेली ती डबी. पडद्यावर तीनच्या दोन झाल्या होत्या, त्या सुनेने वही पुन्हा भरली तेव्हा परत तीन झाल्या. खिशातली मात्र खिशातच राहिली.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. संध्याकाळी हळूच खणात टाकली असती तर कोणाला कळलं असतं? मिस्त्री तर माझ्या मोजणीला देव मानत होता. मग सुनेकडे बघितलं. पाच वर्षं काय केलंत असं विचारणाऱ्यांसमोर बसते, तशीच ती बसली होती.

मी डबी काढून मालकांच्या पुढ्यात ठेवली.

"पेटी बरोबर आहे. चूक माझी. काल मी काढली आणि परत ठेवली नाही."

मालक इतके हसले की खुर्ची करकरली. म्हणाले, एकतीस वर्षं याचीच वाट बघत होतो. मिस्त्रीने डबी उचलली, खणात ठेवली, तीन मोजल्या आणि कागदावर दहाव्या वस्तूपुढे खूण केली. दहापैकी दहा. सोमवारपासून सुनेने दुसऱ्या दुकानात जायचं ठरलं.

मंगळवारी मी संगणक उघडला. आता मीही थोडं बघते. चाळीस कपाटांच्या यादीत खाली एक्केचाळिसावं आलं होतं. नाव होतं, सासूबाईंचा एप्रन. त्याला दोन खण, उजवा खिसा आणि डावा खिसा.

मी दोन्ही खिसे उघडून बघितले. रिकामे होते. मग खऱ्या एप्रनमध्ये हात घातला, तर डाव्या खिशात एक सुई निघाली. इकडेतिकडे बघितलं, मिस्त्री कामात होता. मी चष्मा लावला आणि एका बोटाने डाव्या खिशात टाइप केलं, सुई, एक.