खाली उभा राहिलेला माणूस

ईश्वरप्पांनी माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण पहिल्या पानावरच वाचायचं थांबवलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"हे मी वाचत न्हाई. त्याला खाली उतरव, मग आण."

दहा प्रकरणं त्यांनी वाचली होती, दर रविवारी एक. अख्ख्या लातुरात माझ्या कादंबरीला तेवढा एकच वाचक होता.

मी कंधारची. नववी झाल्यावर पप्पांनी मला क्लाससाठी लातूरला आणून ठेवलं. होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, आणि चार टेबलं चार भिंतींना लावलेली. म्हणजे खोलीच्या मधोमध कधी कुणी नसायचंच. सगळ्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. आईचा फोन साडेसातला, दहा मिनिटं, त्यातली सहा मी काय जेवले यावर. पहिल्या तीन महिन्यांत मी इतकं कमी बोलले की एकदा हजेरीला "हजर" म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही. सरांनी गैरहजेरी लावली.

मग वाचनालयात एकदम खालच्या फळीवर मला लढाऊ विमानांच्या कादंबऱ्या सापडल्या. नऊच्या नऊ वाचून काढल्या आणि लक्षात आलं, हे आपल्यालाही जमेल की. ठरलेलंच असतं सगळं. पायलट उंच. खिशात बायकोचं पत्र. जिवलग मित्र मध्यावर मरतो. आणि शेवटी आपला पायलट पेटलेलं विमान घेऊन एकटाच शत्रूवर वळतो. मी दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसले. लई भारी वाटत होतं. माझ्या पायलटचं नाव स्क्वाड्रन लीडर सोमेश, गाव कंधार.

अप्पा भेटले ते मेसच्या जळालेल्या मिक्सरमुळं. मावशींनी मला तो घेऊन त्यांच्या दुकानात पाठवलं. तिथं ते जळक्या मोटारींना तांब्याची नवी तार गुंडाळून देतात. भिंतीवर बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी एक फोटो होता. लढाऊ विमान आणि त्याच्यापुढं ओळीनं उभी असलेली दहा-बारा माणसं.

"यातले पायलट कोणते?" मी विचारलं.

"एकबी न्हाई. आम्ही खालची माणसं, विमान तयार करून देणारी." त्यांनी मिक्सर उलटा केला. "काय वाटलं होतं माय तुम्हाला? मेसमधे दगड वाटता का ह्याच्यात?"

पुढच्या रविवारी मी वही घेऊनच गेले.

अप्पा उदगीरकडचे, हवाई दलातून सार्जंट होऊन आलेले. मुलगा हैदराबादला. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. मला स्टूल द्यायचे आणि स्वतः काउंटरवर वही ठेवून उभ्यानं वाचायचे. "बसा ना अप्पा," मी म्हणायचे. "तू बस," ते म्हणायचे. प्रकरणाच्या शेवटी सोमेश धावपट्टीवर उतरला की मगच ते कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर टेकायचे. मला वाटायचं, वाचून दमले.

आणि बोलायचे तर असं.

"कंधारचा हाय म्हणतेस, आन रेडिओवर पुण्यासारखा बोलतोय."

"अप्पा, कादंबरीत तसंच बोलतात."

"बरं. हा विमानात चढला कसा? शिडी कुणी लावली?"

"लावलेली असते."

"कुणी?"

मी घरी, म्हणजे होस्टेलवर जाऊन एक ओळ घातली: 'जमिनीवरच्या माणसाने शिडी लावली.' पुढच्या रविवारी अप्पांनी ती दोनदा वाचली आणि मगच पान उलटलं.

आणि आता हेच अप्पा शेवट वाचायला नाही म्हणत होते.

"सगळ्या कादंबऱ्यांत मरतो तो," मी म्हटलं. "त्याशिवाय वाचणाऱ्याला रडू कसं येईल?"

"रडू येत न्हाई," अप्पा म्हणाले आणि तार गुंडाळायला लागले.

मी तणतणत निघाले. पुढचे दोन रविवार गेलेच नाही. सुकन्याला, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, वाचतेस का गं. पाठ न वळवता ती म्हणाली, "बोर्ड झाल्यावर." दुसऱ्या रविवारी दुपारी मी पलंगावर पडून सोमेशचं मरण स्वतःलाच वाचून दाखवलं, हळू आवाजात. छान लिहिलं होतं. पण ऐकणारं कुणीच नव्हतं, आणि सोमेशही उगाचच मेल्यासारखा वाटला.

तिसऱ्या रविवारी मी दुकानात गेले आणि स्टुलावर बसून सरळ विचारलं, "कोण होता?"

अप्पांनी हातातली तार संपेपर्यंत गुंडाळली.

"अडचणीत पायलटला बाहेर फेकणारी सीट जमिनीवर आपोआप उडू नये म्हणून तिला पिना असतात, लाल फीत लावलेल्या. आम्ही त्या काढायच्या, पायलटला मोजून दाखवायच्या. त्यानं मान हलवली की शिडी काढायची. झालं. तो वर, आन पिना माझ्या खिशात."

"लढाई होती?"

"लढाई कुठली. मंगळवार होता. सरावाचं उड्डाण. पाऊण तासात यायचं होतं." त्यांनी तारेचं टोक कापलं. "बाकीची आली. ज्यानं त्यानं आपापलं विमान आत घेतलं. माझी जागा रिकामी. सांजच्याला एक जण येऊन म्हणला, ईश्वर, जेवून घे. तवा कळलं."

"आणि पिना?"

"जमा करून घेतल्या. सही घेतली माझी."

नऊ कादंबऱ्या वाचल्या होत्या मी. विमान उडालं की लेखक त्याच्याबरोबर वर जायचा. खाली कोण राहिलं, हे बघायला एकही थांबला नव्हता. मीसुद्धा.

त्या आठवड्यात मी शेवटची चौदा पानं फाडली आणि सहा नवी लिहिली. त्यात सोमेश पहिल्याच पानावर उडून जातो. मग फक्त खालचा माणूस. पिना खिशात टाकतो, सावलीत खुर्ची आणून बसतो, आकाशाकडं बघतो. पाऊण तास होतो, दीड तास होतो. कादंबरी तिथंच संपते.

रविवारी अप्पांनी ती उभ्यानंच वाचली, प्रत्येक पानावर बोट ठेवून. समोरून डाळीची पोती भरलेला टेम्पो गेला तरी मान वर केली नाही.

"येतो का न्हाई ते लिहिलं न्हाईस."

"नाही लिहिलं."

"बरं केलंस." त्यांनी बोट मागच्या पानावर नेलं. "ही खुर्ची काढ."

"का?"

"विमान वर असल्यावर कुणी बसत न्हाई."

मी स्टुलावरून उठले. काउंटरवरचा त्यांचा पेन घेऊन खुर्चीची ओळ खोडली. वही मिटली. अप्पा पेटीकडं गेले नाहीत. आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे होतो.

"संपली का मग?" त्यांनी विचारलं.

"संपली."

"म्हणजे पुढच्या रविवारी काही न्हाई."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले.

"भूगोलाची वही आहे माझी," मी म्हटलं. "नद्या आहेत त्यात. अक्षर चांगलंय."

"आण," अप्पा म्हणाले.