वरची तार
माझा थोरला भाऊ लॉकी उभी हयात केप ब्रेटन बेटावरच्या कोळशाच्या खाणीत ड्रिल चालवत होता आणि शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाचासाठी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. पियानोवर मी. गेल्या हिवाळ्यापासून त्याची वरची, उंच सुरांची तार बेसूर वाजायला लागली. लोक नाचत राहिले. कुणी काही बोललं नाही. शेवटी मीच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी संगणकाच्या पडद्यावर कानाच्या आतल्या पेशी दाखवल्या. निरोगी पेशींच्या डोक्यावर बारीक केसांच्या उभ्या रांगा होत्या. शेजारच्या चित्रात गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या पेशी. केस मोडून आडवे झालेले. कुठे कुठे पेशीच नव्हती.

"आवाज आला की हे केस वाकतात," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ते वाकले की पेशी मेंदूला खबर देते. तिची घडणच त्यासाठी आहे. उंच सुरांचे केस आधी मोडतात, आणि केसच मोडले तर ती काय कळवणार?"

"उगवतील की परत! माझी दाढी नाही उगवत रोज?"

"हे नाही उगवत. कोंबडीच्या कानात या पेशी नव्यानं तयार होतात. माणसाच्या नाही."

"घ्या! म्हणजे कोंबडीसुद्धा बरी माझ्यापेक्षा," दादा म्हणाला आणि एकटाच हसला.

कानाला मशीन लावलं. भांड्यांचा खणखणाट, दारं, एफीवहिनीचं ओरडणं, सगळं डोक्यात आदळायला लागलं. वरची तार मात्र नाहीच.

"फ्लोरे, खरं सांग," एकदा तो गाडीत म्हणाला. "कसं वाजवतो मी?"

"वाईट, दादा."

"आणि तुम्ही सगळे नाचत होतात?"

त्यानं रागवायला हवं होतं. तो रागावलाही नाही.

फिडल त्यानं माझ्या मुलीला, शॉनाला दिलं. दर रविवारी ती त्याच्याकडे शिकायला जायची. तो तिच्या बोटांवर डोळे रोखून बसायचा. एकदा मध्येच म्हणाला, "चुकलीस."

शॉना थांबली, माझ्याकडे बघायला लागली.

"चुकली ना ती?" त्यानं मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा वहिनी एकटीच होती. "समुद्रावर गेलाय," ती म्हणाली. "चहा घ्या. त्याची वाट नका बघू."

तेव्हापासून रविवारी तो घरी नसतो.